मनाचे दुखणे, अंगाचे दुखणे



ह्या व्यासपीठाकडे मी गेली पस्तीस वर्षे समोरच्या बाजूने पाहत आलो आहे. पहिली पाळी संपली की सातपूरहून सायकल हाणीत यावे, दुपारच्या उन्हाने अजून तापलेल्या फरशीवर जागा धरावी आणि वक्ता जे सांगेल ते ऐकत बसावे, असा माझ्या तरुणपणीच्या मे महिन्याचा रिवाज होता. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते तीन ठिकाणी. युनियनच्या कचेरीत, १८४० पासून ह्या गावाला वाचायला शिकवीत असलेल्या सार्वजनिक वाचनालयात, आणि येथे आपल्यामध्ये बसून. तेव्हा आज समोरून इकडे येताना पाय थोडे जड झाले, हे कबूल केले पाहिजे.

चिटणीसांनी मला बोलावले ते कामगार कायद्यांवर बोलण्यासाठी. मी त्यांना म्हटले, कायद्यावर बोलणारे माझ्याहून शहाणे लोक पुष्कळ आहेत. मला एका वेगळ्या विषयावर बोलू द्या. त्यांनी विषय ऐकला, क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बोला." त्यांचे आभार मानून मी सुरुवात करतो.

ज्याला मनाचा मोठा आजार आहे, त्याला अंगाचाही एखादा कायमचा आजार जडला म्हणजे काय होते, असा हा विषय आहे. मी वैद्य नव्हे, रोगी आहे. १९९६ सालापासून मला जो आजार आहे त्याला इंग्रजी शिकलेले लोक बायपोलर म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत त्यालाच उन्माद आणि अवसाद ह्यांचा फेरा म्हटलेले आहे. ही गोष्ट माझी पत्नी, माझे डॉक्टर आणि युनियनमधले चारपाच जण एवढ्यांनाच ठाऊक होती. आज ती आपणां सर्वांना ठाऊक झाली. उद्या एखादा मालक वाटाघाटींच्या वेळी तिचा उपयोग करील, ह्याची मला कल्पना आहे. त्याची तयारी करूनच मी आलो आहे.

परंतु आधी माझी नव्हे, दुसऱ्या एका माणसाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. तो आमच्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होता. हाताला अत्यंत स्वच्छ कारागीर. पंचविशीत त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आवाज ऐकू येत. शेजारच्या यंत्रावरचा माणूस आपल्याविरुद्ध निरोप पाठवतो असे वाटे. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग डॉक्टर केला, आणि डॉक्टरांच्या गोळीने तो खरोखर सावरला. कामावर परत आला, लग्न झाले, मुलगी झाली. गोळी सुरू झाल्यावर वर्षभरात त्याचे वजन अठरा किलोने वाढले. आपल्याकडे वजन वाढले म्हणजे माणूस सुधारला. त्याची आई ज्याला त्याला सांगे, "आता कसा अंगाने भरला बघा, बरा झाला पोरगा." आम्हीही मान डोलवीत असू. पुढे त्याला फार तहान लागू लागली, रात्रीतून पाचपाच वेळा लघवीला उठावे लागू लागले. घरी वाटले, हेही त्या डोक्याच्या दुखण्यातलेच. रक्तातली साखर तपासली गेली तेव्हा ती इतकी चढलेली होती की डोळ्यांवर परिणाम होऊन चुकला होता.

२०१४ च्या पावसाळ्यात तो मला फाटकापाशी भेटला आणि म्हणाला, "दादा, तीन दिवस झाले, छातीत कुणीतरी खिळा ठोकतोय." मी काय उत्तर दिले? मी म्हटले, "गोळी वेळेवर घेतोस ना?" मनाच्या दुखण्याची गोळी, असा माझा अर्थ होता. ज्याने स्वतः सतरा वर्षे तसलीच गोळी घेतली, ज्याच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लोकांनी आजारावरून लावला म्हणून जो मनात कुढत होता, त्या मला छातीतला खिळा हा भास वाटला. तो दवाखान्यात गेला होता. तेथेही त्याला झोपेची गोळी मिळाली. चौथ्या दिवशी पहाटे तो वारला. हृदयविकाराचा झटका. वय सेहेचाळीस.

त्या दिवसापासून मी ह्या विषयावरचे मिळेल ते वाचू लागलो. जगात सगळीकडे हीच कहाणी आहे, असे मला दिसून आले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मनाचा गंभीर आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात. आत्महत्या हे त्यातले एक कारण आहेच. तथापि ह्या मृत्यूंतले बहुसंख्य मृत्यू हृदयरोग, मधुमेह, छातीचे विकार, संसर्ग अशा सर्वसाधारण आजारांनी होतात. ज्या आजारांवर उपचार आहेत, त्यांनीच. २०१८ साली त्या संघटनेने ह्याच एका प्रश्नासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. तिच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. तीत असे आढळले की, दर हजार प्रौढांत सुमारे आठ जण त्या वेळी गंभीर मानसिक आजाराने पीडलेले होते. आमच्या कारखानदारीच्या हिशेबात मांडायचे तर हजार कामगारांच्या कारखान्यात आठ माणसे. ती कोण, हे पर्यवेक्षकाला ठाऊक नसते, युनियनला ठाऊक नसते. बहुधा शेजारच्या यंत्रावरच्या मित्रालाही नसते.

आता असे का होते? पहिले कारण औषधांतच आहे, आणि ते सांगताना मला फार जपून बोलले पाहिजे. कारण येथून उठून कोणी घरी जाऊन गोळ्या फेकून दिल्या तर त्याचे पाप माझ्या माथी येईल. ह्या गोळ्यांनी माणसांना साखळदंडातून सोडवले आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन प्रथम मनोरुग्णांना दिले गेले, त्यापूर्वी वेड्यांच्या इस्पितळात काय चाले ते वाचवत नाही. आपल्याकडे नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा ही चार जुनी सरकारी मनोरुग्णालये. नागपूरचे १८६४ चे. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत माझ्या लहानपणीही होती. ती गोळ्यांनी मोडली. परंतु त्यांतल्या काही नव्या गोळ्या, विशेषतः ओलान्झापीन आणि क्लोझापीन, भूक वाढवतात, वजन वाढवतात, रक्तातली साखर आणि चरबी चढवतात. म्हणून गोळी सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी ह्या पाच गोष्टी मोजून ठेवाव्यात आणि ठरावीक मुदतीने पुन्हा मोजाव्यात, असे २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांनी आणि मानसोपचारतज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवले. माझ्या त्या मित्राच्या कमरेभोवती शिंप्याची टेपसुद्धा कधी गेली नाही! आपल्या लोकांत पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आणि बाईची ऐंशीच्या पुढे गेली की जपावे, असा आडाखा आहे. टेपेला काही रुपये पडतात.

बिडीचेही एक सांगितले पाहिजे, कारण आपल्या शेजारी सिन्नर आहे. क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही औषधे बिडी-सिगारेटच्या धुराने शरीरातून लवकर निघून जातात. धुराने, तंबाखू चघळल्याने नव्हे. म्हणजे दिवसाला दोन बंडले ओढणाऱ्याला डॉक्टर जो डोस बसवतात, तो त्याच्या बिड्यांसकट बसवलेला असतो. असा माणूस एखाद्या दिवशी शपथ घेऊन बिडी सोडतो, फार चांगले करतो. पण त्याच डोसचे औषध मग त्याच्या अंगात साठू लागते. बिडी सोडावीच. परंतु सोडण्याआधी मनाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. हे मला कुठल्याही दवाखान्यातल्या फलकावर लिहिलेले आढळले नाही.

आता माझ्या स्वतःच्या औषधाकडे वळतो. लिथियम हे नाव काहींनी बॅटरीच्या संदर्भात ऐकले असेल. तो एक क्षार आहे. मिठाचा चुलतभाऊ म्हणा. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाचा डॉक्टर होता. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत सिंगापूरच्या चांगी येथे साडेतीन वर्षे होता. सुटून आल्यावर एका साध्या इस्पितळातल्या रिकाम्या खोलीत त्याने गिनीपिगांवर प्रयोग केले, मग तो क्षार आधी स्वतः खाऊन पाहिला आणि नंतर उन्मादाच्या रोग्यांना दिला. १९४९ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले. गंमत अशी, गंमत कसली, दैवाची थट्टाच, की त्याच १९४९ साली अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाच्या ऐवजी जेवणात लिथियमचा क्षार विकला जात होता, आणि त्याने माणसे दगावल्यामुळे तेथील सरकारला तो बंद करावा लागला. एकच वस्तू एकाचे मन सावरते आणि दुसऱ्याचा प्राण घेते. फरक मात्रेचा. रक्तात किती लिथियम आहे हे मोजता येऊ लागले तेव्हाच ते औषध म्हणून सुरक्षितपणे वापरता येऊ लागले. गुण येण्याची पातळी आणि विष होण्याची पातळी ह्यांत अंतर फार थोडे. साधारणपणे शून्य पूर्णांक सहा ते एक ही पातळी कामाची. दीडच्या पुढे धोका.

१९९६ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. आमच्या कारखान्यात मागणीपत्राचा लढा चालू होता. मी अठरा दिवस रात्रीची दोन तासांपेक्षा जास्त झोप घेतली नाही. एकशे चाळीस पानांचे मागणीपत्र लिहिले. त्यात गोदावरीच्या पुरावरही एक प्रकरण होते. पहाटे तीनला व्यवस्थापकाच्या दारावर जाऊन वाटाघाटींस बोलावले. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले कर्ज संपनिधीत देऊन टाकले. सहकारी म्हणत, काय हा पोरगा, काय ही तळमळ! आमच्या धंद्यात हा रोग ओळखणे कठीण, कारण चांगला द्वारसभेचा वक्ता आणि उन्मादाचा रोगी ह्यांत लांबून फारसा फरक दिसत नाही. मग सहा महिने अंथरूण धरले. १९९७ साली लिथियम सुरू झाले आणि आजतागायत ते साल परत आलेले नाही.

परंतु मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम ह्यांतला फरक नीटसा कळत नाही. अंगातले पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. म्हणून ज्याला लिथियम चालू आहे त्याने उन्हात राबताना पाणी तोडता कामा नये, निर्जळी एकादशी करता कामा नये, त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला पायी निघायचे तर डॉक्टरांशी बोलून निघावे, आणि मीठ एकदम बंद करू नये. आणखी, कंबरदुखीवर दुकानातून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या लिथियमची पातळी चढवतात. रक्तदाबावरच्या काही गोळ्याही चढवतात, त्यांतल्या लघवी वाढवणाऱ्या मुख्य.

हे सगळे ज्ञान मला मागाहून झाले. २०११ च्या मे महिन्यात आमचे फाटकापुढे धरणे चालू होते. वर ताडपत्री, खाली डांबर, अकरा दिवस. त्याच्या थोडे आधी मला रक्तदाब निघाला होता. त्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि मीठ तोडायला सांगितले. त्यांनी विचारले होते, "दुसरे काही औषध चालू आहे का?" मी म्हणालो, "नाही." हा शब्द माझा आहे. त्याचा दोष मी कोणाला देत नाही. लाज वाटली, दुसरे काही नाही. आणि धरण्याच्या सहाव्या दिवशी कंबर धरली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिवसातून तीनदा घेऊ लागलो.

तीनचार दिवसांत हात असा थरथरू लागला की चहा बशीत सांडे. पाय अडखळू लागले, जीभ जड झाली, वांत्या झाल्या. काही जण म्हणाले, पुढारी प्यायला लागला. ज्या इस्पितळात मला नेले त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. दुसरे असते तरी कदाचित तेच झाले असते. माझ्या जुन्या कागदांत मानसिक आजाराची नोंद सापडली, आणि तेथून पुढे मी बोललेला शब्द ऐकणारे कोणी राहिले नाही. हात पट्टीने खाटेला बांधले, झोपेचे इंजेक्शन दिले आणि रात्र काढली. माझी पत्नी सातवी शिकलेली. तिने घरी जाऊन माझ्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून आणली, आणि सकाळी पाळीवर आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतली. त्या बाईंनी पाकिटे एकेक वाचली, लिथियमचे पाकीट हातात धरून त्या थांबल्या आणि रक्त पाठवले. पातळी अडीचच्या वर होती. दोन वेळा डायलिसिस झाले. मी वाचलो; मूत्रपिंडे मात्र तेव्हापासून पूर्वीसारखी राहिली नाहीत. कितपत नुकसान त्या आठवड्याचे आणि कितपत इतक्या वर्षांच्या औषधाचे, हे आता कोणी वेगळे करून सांगू शकत नाही.

खरा पेच पुढे आला. २०१८ साली मूत्रपिंडाचे डॉक्टर म्हणाले, "लिथियम थांबवा, नाहीतर काही वर्षांनी आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसला यावे लागेल." मनाचे डॉक्टर म्हणाले, "थांबवले तर १९९६ परत येण्याचा संभव मोठा आहे, आणि ह्या खेपेला तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे नाही." दोघेही माझ्या भल्याचेच बोलत होते आणि दोघेही खरे बोलत होते. मी एकाच्या दवाखान्यातून दुसऱ्याकडे निरोप नेणारा हरकाम्या झालो. एक चिठ्ठी देई, दुसरा वाचून खाली शेरा मारी. सहा महिने असे गेले. ह्या काळात माझी झोप जी गेली ती औषधाने गेली की काळजीने, ते देव जाणे.

मग मला माझा धंदा आठवला. दोन पक्ष एकमेकांना पत्रे लिहून कधी करार करीत नाहीत. त्यांना एका टेबलाशी बसवावे लागते. मी दोघांनाही विनंती केली की एक संध्याकाळ मला द्या, दोघांची फी देतो. दोघेही आले, आणि फी कोणीच घेतली नाही, हे सांगितले पाहिजे. मी एका कागदावर दोन्ही बाजू लिहून नेल्या होत्या. पाऊण तासात जे ठरले ते सहा महिन्यांत ठरले नव्हते. डोस कमी करून पातळी शून्य पूर्णांक पाचच्या आसपास राखायची. दर तीन महिन्यांनी लिथियम, क्रिएटिनिन आणि थायरॉइड ह्यांची तपासणी. कारण लिथियमने थायरॉइडही मंदावते आणि मग माणूस सुस्त झाला की अवसाद परत आला असे वाटते. रक्तदाबाची गोळी बदलायची. दुखण्यावर पॅरासिटॅमॉलखेरीज काही नाही. क्रिएटिनिन अमुक आकड्यापुढे गेले की लिथियम हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरवायचे, आणि त्या काळात माझी पत्नी रोज माझ्या झोपेचे तास लिहील. शेवटचे कलम तिनेच घालायला लावले. तीही त्या टेबलाशी होती, आणि माझ्या मते त्या बैठकीतली सर्वांत जाणती व्यक्ती तीच होती.

हा करार मी घडी घालून खिशात बाळगतो. आत्ताही आहे, हा पाहा. वर माझे आजार, खाली औषधे, त्याखाली तांबड्या शाईत काय देऊ नये ते. मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा हा कागद बोलेल. दुसऱ्या कोणाला लाज वाटत असेल तर मी ती समजू शकतो. पण डॉक्टर, औषधाचा दुकानदार आणि घरातले एक माणूस ह्या तिघांपाशी लाज धरू नये. मालकाला सांगावे काय, असे मला विचारतात. मी आजवर "नको" असाच सल्ला दिला आहे. आज स्वतः जाहीर सभेत सांगून मी त्या सल्ल्याच्या विरुद्ध वागलो; परंतु मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, पंचविशीतल्या कंत्राटी पोराला माझा कित्ता गिरवायला मी सांगणार नाही.

कंत्राटी म्हटले म्हणून कायद्याकडे थोडे वळतो, चिटणीसांचीही हौस फिटेल. १९४७ सालच्या औद्योगिक कलह कायद्यात कामगार-कपातीची व्याख्या होती, आणि सततच्या आजारीपणामुळे काढलेला कामगार त्या व्याख्येबाहेर ठेवलेला होता. म्हणजे यंत्र बंद पडले म्हणून काढले तर भरपाई मागता येई. माणूस बंद पडला म्हणून काढले तर कपातीची भरपाई मागायला जागा नसे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजार हे दिव्यांगत्व धरले आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कोणाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातल्या किंवा ओझरच्या विमान कारखान्यातल्या कामगाराला ही ढाल आहे. सातपूर-अंबडच्या खाजगी शेडमधल्या कामगाराला ती नाही.

कामगार राज्य विमा योजनेत मात्र एक चांगली तरतूद आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे. साध्या आजारपणात वर्षाला एक्याण्णव दिवस, सत्तर टक्के वेतन मिळते. परंतु चौतीस दीर्घ आजारांची एक यादी आहे. तीत क्षय आहे, कर्करोग आहे, आणि स्किझोफ्रेनियासारखे मनाचे गंभीर आजारही आहेत. त्यांना ऐंशी टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. अट अशी की, त्याआधी दोन वर्षे सलग विम्याखालची नोकरी हवी आणि त्यात किमान एकशे छप्पन्न दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आता ज्याला अकरा महिन्यांनी खंड देऊन दुसऱ्या कंत्राटदाराच्या मस्टरवर घेतात, त्याची सलगता सिद्ध कोण करणार? आमच्या कचेरीत अशी प्रकरणे येतात. जुन्या हजेरीकार्डांच्या आधाराने, विमा क्रमांक एकच आहे हे दाखवून, काही आम्ही जिंकलो आहोत. पुष्कळ हरलो आहोत.

आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक वाक्य लिहून ठेवले आहे, ज्याला १९१२ च्या वेडाच्या कायद्यापासून शंभरावर वर्षे लागली: मानसिक आजार असलेल्याला सर्व प्रकारच्या आरोग्यसेवेत शारीरिक आजार असलेल्याच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे. विमा कंपन्यांनीही दोन्ही आजार एकाच मापाने धरावेत, असे त्यात आहे. मला बांधले त्या रात्री हा कायदा नव्हता. माझा मित्र वारला तेव्हाही नव्हता. आता आहे, दवाखान्यात छाती दुखते म्हणून गेलेल्या मनोरुग्णाची छाती आधी तपासा, असे आपण हक्काने म्हणू शकतो.

मला पुष्कळदा वाटते की ह्या कामी आपण धुळ्याकडच्या एका माणसाचा कित्ता घ्यावा. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच खटपटीतून झाला. रोग्यांच्या नातलगांनी एकत्र बसून बोलावे, ही त्या संस्थेची रीत मला फार पटली.

आम्हीही २०१५ पासून महिन्याच्या पहिल्या रविवारी युनियनच्या कचेरीत बसतो. अकरा कुटुंबे आहेत. कचेरीच्या पाटीवर त्याविषयी काही लिहिलेले नाही. एक वजनकाटा, एक टेप, रक्तदाबाचे एक यंत्र आणि प्रत्येकाची एक शंभर पानी वही. आधी सगळ्यांचे मोजायचे, रोग्याचेही आणि त्याला आणणाऱ्या आईचेही. ह्यात एक अनपेक्षित गोष्ट झाली. आया, बायका, बहिणी ह्यांचीच साखर आणि रक्तदाब जास्त वाईट निघाले. रोग्यापायी त्यांनी स्वतःकडे पाहिलेच नव्हते. माझ्या त्या मित्राची विधवा पत्नीही येते. टेप तीच धरते. कोणी सहज म्हणून सांगितले की छातीत, पोटात, पाठीत काही होते आहे, तर ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचे, असा तिचा दंडक आहे. खिळा म्हणाला तर खिळाच लिहायचा. आणि त्याच दिवशी कोणीतरी बरोबर जायचे.

आमच्या मागणीपत्रांत भट्टीपाशी थंड पाणी आणि जवळ स्वच्छतागृह ही मागणी मी दर खेपेला घालीत आलो. अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय असावी, हे तर १९४८ च्या कारखाने कायद्यातच होते. सहकारी चेष्टा करीत, दादाला पगारवाढीपेक्षा पाण्याची आणि मुतारीची काळजी जास्त. लिथियमवरच्या माणसाला सतत तहान लागते आणि सतत लघवीला जावे लागते. पर्यवेक्षकाने पुन्हा पुन्हा का जातोस असे विचारले की तो पाणी पिणे सोडतो, आणि मग काय होते ते मी सांगितलेच आहे. ती मागणी सर्वांसाठी होती; पण तीत माझा स्वार्थ होता, हे आज सांगून टाकतो.

अध्यक्ष महाराज, प्रश्नोत्तरांसाठी थांबायला मला आवडले असते. परंतु साडेआठ होऊन गेले. लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी करावी लागते. उद्या सकाळी नऊ वाजता माझे तिमाहीचे रक्त द्यायचे आहे, तेव्हा नऊच्या ठोक्याला गोळी पोटात गेली पाहिजे, आणि ती घरी पत्नीच्या डब्यात आहे. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी पहिल्या रविवारी कचेरीत यावे. येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत.